पुढचा शाफ्ट

चारही चाकं ओढणारी डिझेल गाडी घ्यावी का मागची दोन ओढणारीच बरी, हे मले आता कोणी विचारू नका. गडचिरोलीत मिस्त्र्यायची काई कमी नाई. चामोर्शी रोडवर माह्या दुकानाच्या पुढे तीन दुकानं आहेत, तिथी जा, चहा प्या अन् विचारा. मी ब्रेक बांधून देतो, स्टार्टर दुरुस्त करून देतो, पण गाडी पसंत करायले येत नाई. लोक म्हणतात, अयूब मिस्त्री बह्याडला, डोकं फिरलं त्याचं. बह्याडलो तं बह्याडलो.

एक जमाना होता, माह्या शब्दाबिगर इकडं जुनी गाडी विकली जात नव्हती. पोरगी पाहायले जाताना घरचं जाणतं माणूस संग घ्यावं, तसं लोक मले घेऊन जायचे. मालक कितीही गोड बोलो, मी मान हलवली का सौदा मोडला. विकणाऱ्याच्या घरचा चहासुद्धा पेत नव्हतो मी. अन् अयूबच्या दुकानात ठेवलेलं एकाचं सामान दुसऱ्याच्या गाडीले जात नाई, हे पार सिरोंच्यापर्यंत लोकायले ठाऊक होतं. त्या नावाची मले लय घमेंड होती. घमेंडच म्हणतो, दुसरा शब्द नाई त्याले.

दोन हजार साल. दिवाळी होऊन गेली होती. श्रावण उंदिरवाडे दुकानात आला. आरोग्य खात्यात होता, मलेरियाच्या कामावर. एटापल्लीच्या पुढे जंगलातल्या एका खेड्यात राह्यचा, बायको कमला तिथंच अंगणवाडीत. त्याची मोटारसायकल माह्याचकडे यायची, दहा वर्षांची ओळख.

"जयभीम, अयूबभाऊ. गाडी घ्यायची आहे."

"सलाम. मोटारसायकलीले काय झालं?"

"मोटारसायकलीवर पोट्टी झोपत नाई ना, भाऊ."

पोट्टी म्हणजे माधवी. एकच लेकरू, तेव्हा चौदाची. तिले सिकलसेल होता. रक्ताचा रोग तो, इकडं कितीक घरात आहे. दुखणं उठलं का हाडं मोडल्यासारखी पोर ओरडायची, अन् रक्त चढवायले थेट गडचिरोलीच्या दवाखान्यात आणा लागे. डॉक्टरनं बजावून ठेवलं होतं, दुखणं उठलं का वाट पाहू नका, दुपारच्या आत आणा. आता सांगा, एटापल्लीच्या पुढून, पावसाळ्यात, दुपारच्या आत? एकदा तिले बैलगाडीत आणली, एकदा तेंदूपत्त्याच्या ट्रकमधी बोऱ्यायवर झोपवून.

वहीत तीन गाड्या लिहून आणल्या होत्या त्यानं. एक चामोर्शीच्या मास्तरची, मागच्या दोन चाकाची, टायर नवे, डिझेल कमी पेणारी. दुसरी मूलच्या एका डॉक्टरची, अंगानं चकाचक. तिसरी चंद्रपूरच्या कोळशाच्या ठेकेदाराची, चारही चाकाची, थोराड, म्हातारी. कंपनीचं नाव नाई घेत. कंपनीचा पुढं काई दोष नव्हता.

मी म्हटलं, "डोळे मिटून मास्तरची घ्या. चारचाकी ओढीची गाडी म्हणजे घरी हत्ती बांधणं आहे. डिझेल पेते, पुढचे टायर खाते, अन् तिचे सामान मिळाले तं नागपूरले मिळते."

"सरासरीचं नका सांगू मले," श्रावण म्हणे. "घरापासून डांबरापर्यंत तीन नाले आहेत. तीन नाल्यातून कोणती निघते, तेवढं सांगा."

एवढा सरळ सवाल मले आजपर्यंत कोणी केला नव्हता. गिऱ्हाईक विचारते रंग, विचारते टेप आहे काय.

मग आम्ही चंद्रपूरले गेलो, ते तिघं अन् मी. यष्टीनं. मी गाडीखाली अर्धा तास पडून होतो. चेसीस ठोकून पायली, सायलेन्सरले फडकं लावून धूर पायला, गियर एकेक करून टाकून पायले. मग इरई नदीच्या पात्रात नेली. मुद्दाम रेतीत उतरवली, मागची चाकं रुतू देली, अन् पुढच्या चाकायले जोर देणारा दुसरा लीवर ओढला. अरे बाप्पा! पुढच्या चाकायनं रेती धरली अन् गाडी अशी वर आली का कमलावहिनीनं टाळीच वाजवली.

वहिनीची परीक्षा वेगळी होती. तिनं ना इंजिन पायलं ना टायर. माधवीले म्हणे, "चाल, आडवी हो मागच्या सीटवर." माधवी हसत हसत झोपली, पाय थोडे दुमडा लागले. वहिनीनं तिच्या डोक्याखाली पदर ठेवून पायला, खिडकी उघडून वारा येते का पायलं, अन् म्हणे, "हेच घ्या."

"वहिनी, मले तं अजून बोलूच नाई देलं," मी म्हटलं.

"मग बोला ना, भाऊ. तुमचं कोणी तोंड धरलं?"

मी मान हलवली. होकाराची. गाडी चोख होती, आजही म्हणतो.

आता खरी गोष्ट. आमच्या इकडं मिस्त्र्यायची एक रीत आहे. जंगलातल्या गाड्यायचा पुढचा शाफ्ट, म्हणजे पुढच्या चाकायले इंजिनचा जोर नेणारा दांडा, तो दिवाळी झाली का आम्ही काढून ठेवतो. नाले आटतात, रस्ते वाळतात, कायले फुकटचं ओझं फिरवा? गाडी हलकी चालते, डिझेल वाचते. मग रोहिणी लागल्या का लोक येतात अन् मिरगाच्या आत शाफ्ट लावून नेतात. जशी कास्तकाराची वखर-नांगराची तयारी, तशी आमची शाफ्टाची. माह्या भिंतीवर उन्हाळाभर सात-आठ शाफ्ट टांगलेले राहत, हरेकावर खडूनं मालकाचं नाव.

श्रावणची गाडी पहिल्या सर्व्हिसिंगले आली तं मी पाने घेऊन खाली गेलो. तो म्हणे, "राहू द्या ना, भाऊ. तेवढ्यासाठीच तं घेतली."

"उन्हाळ्यात कोणता नाला अडवते तुम्हाले? मिरगाआधी या, दोन तासात लावून देतो. शाफ्ट कुठी पळून जाते काय?"

ऐकलं त्यानं. माहं सगळेच ऐकत. त्याचा शाफ्ट भिंतीवर गेला, वर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, श्रावणभाऊ.

मे महिन्यात खुशाल आला. बांबूचा ठेकेदार, हेमलकशाकडं त्याचे ट्रक चालत. त्याच्यापाशी हुबेहूब तशीच गाडी. जंगलात गोट्यावर आपटून त्याचा शाफ्ट वाकला होता, अन् पावसाआधी शेवटचा माल काढायचा होता. भिंतीकडं बोट दाखवून म्हणे, "हा दे चार दिवस. माहा नागपूरहून आला का परत आणतो."

मी नाई म्हटलं. दोनदा नाई म्हटलं. मग तो म्हणे, "अबे, माह्या पोरीच्या लग्नात तू पंगतीत वाढायले होता, अन् चार दिवसाचा भरोसा नाई तुले?" अन् मी देला. पैसा नाई घेतला, काई नाई. नुसता देला. खडूचं नाव माह्याच हातानं पुसलं. माह्या उभ्या जिंदगीत एकाचं सामान दुसऱ्याले देलं ते तेव्हाच, एकदाच.

चार दिवसाचे पंधरा झाले. खुशाल पार भामरागडच्या तिकडं, ना फोन ना निरोप. अन् जूनच्या दोन तारखेले श्रावण दारात उभा. कमलावहिनीनं डब्यात मोहाचे लाडू पाठवले होते माह्यासाठी.

"लावून द्या, भाऊ. ढग जमून राह्यले तिकडं."

आता एक सांगतो. खरं बोलायले मले एक मिनिट लागत होतं. श्रावणभाऊ, माह्याकडून चूक झाली, तुमचा शाफ्ट मी दुसऱ्याले देला. एवढंच. तो काई मले मारत नव्हता. पण समोर दोन गिऱ्हाईकं बसली होती, अन् मले माहं नाव आडवं आलं. तोंडातून निघालं ते असं, "लावून देतो, पण पुढच्या डिफ्रेन्सलची सील गळून राह्यली तुमची, तेल जाते, तसाच शाफ्ट लावला तं आतले गियर जळतात. गाडी आठ दिवस ठेवून जा. सील नागपूरहून येईल, मग सगळं एकदमच करून देतो."

सील बिल काई गळत नव्हती. मले ठाऊक होतं का तो गाडी ठेवू शकत नाई. मिरगाआधी गावोगावी फवारणी असते, औषधाचे डबे त्या गाडीतूनच न्यायचे होते. तो नाई म्हणणार, हे मापून मी बोललो. आजपर्यंत गाड्याच मापत होतो, त्या दिवशी माणूस मापला.

"आठ दिवस तं नाई जमत, अयूबभाऊ."

"मग पाहा बाप्पा, तुमची मर्जी," मी म्हटलं. "फवारणी झाली का आणा. यंदा मिरग कोरडा जाते म्हणतात. अन् दुसरा लीवर टाकला तं मागच्या चाकायले जोर येतेच. काई भेव नाई."

काई भेव नाई. हे तीन शब्द मी हसत हसत बोललो, लाडू खाता खाता.

रहमतबी, माही घरवाली, सगळं आतून ऐकून राह्यली होती. श्रावण गेल्यावर बाहेर आली. "तुम्ही झूट काऊन बोलले त्याले?"

"तुले काय समजते गाडीतलं?"

"गाडीतलं नाई समजत. झूट समजते."

मी तिच्यावर खेकसलो. खाई त्याले खवखवे. खुशालले तीन निरोप धाडले. एकदा तं यष्टीच्या कंडक्टरच्या हातानं चिठ्ठी पाठवली. तेवढ्यात श्रावणचा एटापल्लीहून फोन आला, फवारणी संपली, बुधवारी येऊ काय. मी म्हटलं, सील आली नाई, पुढच्या बुधवारी या. मग पुढच्या बुधवारीही तेच. एका खोट्याले दुसरं टेकू देते, दुसऱ्याले तिसरं.

जुलैच्या नऊ तारखेले सकाळी सहा वाजता माधवीचं दुखणं उठलं. हे मले मागून समजलं, पण आता असं पाठ आहे का मीच त्या गाडीत होतो. तिले मागच्या सीटवर झोपवलं, डोकं वहिनीच्या मांडीवर. पहिला नाला निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्यात पाणी पोटरीएवढंच होतं, पूरही नव्हता. पण पलीकडच्या चढावर चिखल. मागची चाकं फिरली अन् बसली. श्रावणनं दुसरा लीवर टाकला. आणखी बसली. गाडी पोटावर टेकली.

तासाभरात जंगल खात्याची एक जीप मागून आली अन् बाजूनं चढून गेली. चारही चाकं ओढून राह्यली होती तिची. तिच्यात आधीच एक जखमी माणूस अन् सहा जण कोंबलेले, जागा नव्हती. त्यायनं एटापल्लीले जाऊन सांगतो म्हटलं, सांगितलंही. ट्रॅक्टर आला बारा वाजता. गडचिरोलीच्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा दिवे लागणीची वेळ झाली होती. वाटेत, आष्टीच्या आधी कुठी तरी, माधवीचा उजवा हात पडला. मग पाय. मग जीभ जड झाली. डॉक्टर म्हणे, रक्ताची गाठ मेंदूत गेली, चार-पाच तास आधी रक्त चढलं असतं तं बहुतेक टळलं असतं.

पोर वाचली. नुकतीच दहावीले गेली होती. उजव्या हातानं कंपास धरणं संपलं.

मी दवाखान्यात गेलो. मनात धरून गेलो होतो का आज सांगायचं. व्हरांड्यात कमलावहिनी भिंतीकडं तोंड करून बसली होती. श्रावण मले पाहून उभा राह्यला, माहे दोन्ही हात धरले अन् सगळ्यायच्या देखत रडायले लागला. "अयूबभाऊ, तुम्ही म्हणत होते ना, गाडी ठेवून जा म्हणून. मीच नाई ठेवली. आठ दिवसाची फवारणी मले पोरीपेक्षा मोठी झाली."

वहिनी भिंतीकडूनच बोलली, "झालीच मोठी."

तेव्हा बोलायचं होतं मले. तोंड उघडलंही. पण त्या माणसानं माहे हात इतके घट्ट धरले होते, अन् बाजूचे लोक मान हलवून म्हणून राह्यले होते, मिस्त्रीनं तं सांगितलं होतं बिचाऱ्यानं. मी म्हटलं, "होते भाऊ असं. नशीब." अन् घरी आलो. त्या दिवशी मी मेलो असतो तं बरं झालं असतं, असं मले कितीदा वाटते.

तिसऱ्या दिवशी खुशाल शाफ्ट घेऊन आला. चार दिवसाचे दोन महिने केले म्हणून माफीही मागितली त्यानं. मी तो श्रावणच्या गाडीले लावला. मजुरी नाई घेतली, तं श्रावण म्हणे, तुमचे उपकार कसे फेडू.

त्यानंतर दोन वर्षं. श्रावण दुकानात यायचा, बदलीसाठी खेटे घालून राह्यला होता. त्याच्याकडूनच समजे, का वहिनी त्याच्याशी बोलत नाई. भाकर वाढते, कपडे धुते, पोट्टीची मालीश दोघं मिळून करतात, एक हात धरते, एक पाय धरते, पण बोलत नाई. काई सांगायचं असलं तं माधवीले सांगते, "तुह्या बाबाले म्हणावं, तेल संपलं." दोन वर्षं. हे तो मले सांगे, मले, अन् मी चहा मागवत जाओ. रहमतबीनं तं श्रावण आला का बाहेर येणंच सोडलं होतं. म्हणे, मले त्याचं तोंड पाहवत नाई, अन् तुमचं तं त्याहून नाई.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात त्याची बदली गडचिरोलीले झाली. गाडी विकायची ठरली. माधवीले दवाखान्यात दाखवून वहिनीसंग येता येता तो दुकानासमोर थांबला. त्या दोघी गाडीतच बसल्या होत्या. श्रावण म्हणे, "पाहून घ्या अन् गिऱ्हाईक सांगा एखादं. बिनधास्त सांगा, गाडीत काईच खोट नव्हती. खोट मालकात होती."

हसून म्हटलं त्यानं. ते हसणं माह्यानं नाई सहन झालं.

"श्रावणभाऊ, शाफ्ट माह्यापाशी नव्हता," मी म्हटलं. "मी तो खुशालले देला होता. सील गळत नव्हती. गाडी ठेवून जा म्हटलं ते तुम्ही ठेवणार नाई म्हणूनच म्हटलं. तुमची काईच चूक नव्हती. पहिल्या दिवसापासून नव्हती."

वाटलं, मारंल. मारलं असतं तं चांगलं होतं. तो बॉनेटवर हात ठेवून उभा राह्यला, जणू पोळते का पाहून राह्यला. मग म्हणे, "हे तिच्यापाशी जाऊन सांग." बारा-तेरा वर्षांत पहिल्यांदा तो मले एकेरीत बोलला.

दुकानाच्या उंबऱ्यापासून त्या गाडीच्या खिडकीपर्यंत पंधरा पावलं असतील. माधवीनं मले पायलं अन् डावा हात वर केला. "सलाम, चाचा," जिभेले जड जाते तिच्या, पण म्हणाली. मी वहिनीले सगळं सांगितलं, जसं त्याले सांगितलं तसंच. काई झाकलं नाई. खाली पाहूनच बोललो, वर पाहायची हिंमत नव्हती.

वहिनी ऐकत राह्यली. ओरडली नाई. म्हणे, "शाफ्ट देला, ते मी समजू शकते. माणूस अडला तं माणूस देते. पण शाफ्ट नाई म्हणून सांगायचं होतं ना, भाऊ. नुसतं म्हणायचं, गाडीत दम नाई, यंदा पोरीले तिकडं ठेवू नका. माही सख्खी बहीण इथंच राह्यते, दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. ती तं दरसाली म्हणे, पावसाळाभर पोट्टीले माह्यापाशी ठेव. मीच म्हटलं, आता आपल्यापाशी गाडी आहे, आता कायले?"

एवढं बोलून ती गाडीतून उतरली. मले बाजूले सारून पुढं गेली. श्रावण तसाच बॉनेटपाशी पाठमोरा उभा होता. ती त्याच्या मागं जाऊन थांबली. माधवी खिडकीतून मान बाहेर काढून पाहून राह्यली होती. वहिनीनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. दोन वर्षं न बोललेल्या नवऱ्याशी पहिला शब्द कोणता बोलावा, हे तिले सुचून नाई राह्यलं होतं.